पाहुण्यांची गोळी

माझं लग्न जमावं म्हणून माझ्या भावाला चार वर्षं औषध दिलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते आमच्याच घरावरून म्हणत असावेत.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बोलायचा मोजून दहा-बारा शब्द, त्यातले तीन खाण्याचे. त्याच्यासारख्या माणसासाठी आज बरे शब्द आहेत. तेव्हा आमच्या गावात एकच होता आणि तो मी लिहीत नाही. त्याचं काम ठरलेलं होतं. पडवीत कुणी चपला काढल्या की तो त्या लावायचा. जोडीनं नव्हे. सगळ्या डाव्या एका रांगेत, सगळ्या उजव्या दुसऱ्या रांगेत, आणि दोन्हीकडे मोठीपासून लहानीपर्यंत. रांग दोरी धरून आखल्यासारखी सरळ. मग शेजारी मांडी घालून बसायचा आणि खूश असायचा. न विचारता कुणी रांगेतली चप्पल ओढली की मात्र दोन्ही कान धरून ओरडायचा. ते वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आम्ही त्याच्यापुढे हात करायचो, तो चप्पल द्यायचा.

पाहुण्यांना हे ठाऊक नव्हतं. मला बघायला पहिली मंडळी आली, पोहे खाल्ले, मला स्वयंपाक येतो का ते विचारलं आणि उठली. मुलाच्या वडिलांनी रांगेतून आपली चप्पल ओढली. दादा ओरडला. मुलाचा मामा इतका घाबरला, की समोर दिसल्या त्या बाबांच्या जुन्या चपला घालून खळ्यातून पळाला. त्या काही परत आल्या नाहीत. आठ दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळलेली होती.

ते स्थळ आत्यानं आणलं होतं. बाबा नोकरीला मुंबईत, शिमग्याला नि गणपतीला यायचे. त्यामुळे माझ्या लग्नाचा कारभार आत्याकडे होता. ती आईला म्हणाली, "वहिनी, ह्याला कायतरी द्या, नायतर ही पोर घरातच म्हातारी व्हायची."

मग आईनं त्याला रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. पुढची मंडळी आली तेव्हा सकाळी गुळात घालून गोळी दिली. दादा माजघरात दुपारभर झोपला. सगळे म्हणाले, गुण आला. ते स्थळ माझ्या रंगावरून मोडलं, पण त्यावर कुणी गोळी लिहून दिलेली नव्हती.

पाहुणे कधी कधी न कळवताही येतात, असं आत्याचं म्हणणं. म्हणून गोळी रोजची झाली. चिठ्ठी देव्हाऱ्यात तसबिरीमागे गेली. बाजारातला औषधवाला रिकामं पाकीट बघून नवं द्यायचा. दुसऱ्या वर्षी दादाचे हात थरथरायला लागले, हे त्याला सांगितलं तर त्यानं शक्तीची बाटली दिली. दादा जाड झाला. तोंडातून लाळ गळायची, आई पदरानं पुसायची. चपला पडवीत कशाही पडलेल्या असायच्या आणि आम्ही हव्या तेव्हा पाय घालून निघायचो. घर शांत झालं. शेजारीपाजारी म्हणायचे, सुधारला हो तुमचा.

गोळी द्यायचं काम माझं होतं. हे लिहायला मला आवडत नाही, पण दुसरं कोण देणार? गुळाचा खडा दिसला की तो तोंड उघडायचा.

सातवं स्थळ दापोलीचं होतं. मुलगा कृषी विद्यापीठात क्लार्क. फोटोत हसत होता, आणि मला तो आवडला होता. म्हणून त्या सकाळी मी आईला न सांगता दोन गोळ्या दिल्या.

मंडळी ओटीवर बसली. मी पोहे घेऊन आले तेव्हा दादा पडवीत चपलांपाशी येऊन बसला होता. सवयीनं आला असणार. हात मांडीवर तसेच. चपलांकडे बघत होता, पण लावत नव्हता. मग उठला, तोल गेला आणि चिऱ्याच्या पायरीवर तोंडावर आपटला. पुढचा दात तुटला. मुलाच्या चपलेवर रक्त सांडलं. आणि दादा ओरडला नाही. दात तुटलेला माणूस पायरीवर बसून नुसता बघत राहिला. मी हातात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते, आणि मला त्या घरात राहायची लाज वाटली.

आईनं त्याला आत नेलं. पाहुण्यांनी पोहे संपवले.

चार दिवसांनी होकार आला. मुलगी पसंत आहे, मुलीचा भाऊ तसा असूनही किती शांत आहे याचं सगळ्यांना कौतुक वाटलं, असं पत्रात होतं. मी आईला सांगितलं, नाही म्हणून कळव. कारण विचारल्यावर दोन गोळ्यांचंही सांगितलं. तिनं मला एक थोबाडीत दिली. मग देव्हाऱ्यातली चिठ्ठी काढली, दादाला उठवलं आणि आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या.

त्यांनी दादाचा दात बघितला, हात बघितले आणि विचारलं, "ह्यांना ही गोळी कशासाठी चालू आहे?"

आई म्हणाली, "पाहुणे येतात म्हणून."

"रोज येतात?"

"नाय ओ. वर्षातून दोनदा."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि ह्यांना काय त्रास होता?"

आई बराच वेळ आठवत राहिली. "त्याला कसला त्रास? त्रास पाहुण्यांना व्हता."

बाईंनी चिठ्ठी उलगडली. ती इंग्रजीत, आणि मला दहावीला इंग्रजीत पस्तीस गुण. त्यांनी वाचून दाखवली. वीस दिवस गोळी देणे, नंतर दाखवायला आणणे. पुन्हा एकदा वाचायला आईनं सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचली. दुसऱ्यांदाही वीसच दिवस होते.

आई म्हणाली, आजपासून बंद. बाई म्हणाल्या, तसं नाही, एवढ्या दिवसांची गोळी एकदम तोडली तर वेगळाच त्रास होतो. ज्यांनी दिली त्यांच्याकडे जा. बाईंनी त्यांच्या नावे पत्र दिलं. रत्नागिरीचे डॉक्टर ते वाचून म्हणाले, "मी वाट बघितली. तुम्ही आलाच नाहीत." खरं होतं ते. त्यांनी गोळी हळूहळू उतरवायला सांगितली, आणि दर महिन्याला दाखवायला बोलावलं. या वेळी आम्ही गेलो. आई रोज सकाळी अडकित्त्यानं गोळी कापायची. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव. मधले काही आठवडे वाईट गेले. तो झोपायचा नाही, येरझाऱ्या घालायचा, आणि आत्या म्हणायची, बघा. आई बघायची आणि पुढचा तुकडा कापायची.

गोळी संपली. गोळ्यांच्या डब्यात आईनं मोहरी भरली. पण पडवीत काही होत नव्हतं. मला वाटायला लागलं, की होतं ते आम्ही चार वर्षांत पुसून टाकलं.

एके दिवशी शिवणाच्या क्लासला जायला उशीर झाला म्हणून मी धावत बाहेर आले, पायात चप्पल सरकवली आणि मागून दादा ओरडला.

मी खाली बघितलं. चपला लावलेल्या होत्या. रांग वाकडी होती, हात अजून थोडे थरथरत होते. पण डाव्या एकीकडे, उजव्या एकीकडे, आणि मधली माझी मी ओढून काढलेली. न विचारता. मागायची सवयच राहिली नव्हती. दादा दोन्ही कान धरून, तुटक्या दाताचं तोंड वासून, वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा ओरडत होता.

आई चुलीपुढून उठली होती. दारातून मला ती दिसत होती. तिचा हात आपोआप फळीवर गेला, डबा खाली आला, झाकण निघालं. ती आतल्या मोहरीकडे बघत उभी राहिली. मग झाकण लावून तिनं डबा जागेवर ठेवला.

"वरडू दे," ती म्हणाली. "चार वर्षांचं साठलंय."

मी चप्पल होती तिथे परत ठेवली आणि अनवाणीच पायरीवर बसून ऐकत राहिले. माझी एसटी गेली.