माझं इंटरनेट एसटीने यायचं

माझ्या मोठ्या जाऊबाई आज सकाळी गेल्या. त्या जन्मभर घरात अडकल्या, ते माझ्यामुळे.

लिहूनच टाकते, भावकीनेही वाचावं. पोटात ठेवून ठेवून वैताग आलाय.

अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन शनीच्या शिंगणापूरला आले. घराला दार नाही, कडी नाही, आणि मला बाहेर पडायची सोय नाही! कॉम्प्युटरचा डिप्लोमा ट्रंकेत पडलेला.

मूल होईना, म्हणून नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे फेऱ्या सुरू झाल्या. सोबतीला जाऊबाई. चौथी पास.

दवाखान्याशेजारी सायबर कॅफे होता. अर्धा तास बसू का, विचारलं. म्हणाल्या बस, मी नंबर धरते.

तिथे ईमेलवर एक ग्रुप सापडला. कोणी नागपूरचा, कोणी कोचीचा. सगळे मिळून शाळेच्या लायब्ररीसाठी प्रोग्राम लिहीत होते. एकाचं अडलं की दुसरा सोडवायचा. माझा तुकडा पहिल्यांदा चालला तेव्हा सहा जणांनी शाबासकी दिली. घरी स्वयंपाक कितीही चांगला होवो, कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

मग दिवस राहिले आणि माझा प्रवास बंद झाला. नुसता जीव घुसमटायचा. रडायलासुद्धा आडोसा नव्हता.

जाऊबाईंनी न विचारताच स्वतःचे गुडघे दुखायला लावले.

दर आठवड्याला शेक घ्यायच्या नावाखाली नगर. पिशवीत माझ्या हाताने लिहिलेला प्रोग्राम. कॅफेवाले काका टाईप करायचे आणि या मागे उभ्या राहून एकेक खूण ताडून बघायच्या.

“हितं टिंबाखाली शेपटी ऱ्हायली.”

सेमीकोलन हो! काकांनीच नंतर हात जोडून मला सांगितलं.

परत येताना ग्रुपच्या उत्तरांचे प्रिंटआउट आणायच्या आणि सरळ फडताळात ठेवायच्या, मिसळणाच्या डब्याशेजारी. लपवा हो ताई, म्हणून मी किती विनवलं. त्यांना ते कळायचंच नाही. आपल्या गावात कोण काय लपवतं, म्हणायच्या.

एक दिवस सासऱ्यांनी, आबांनी, ते कागद उचलले आणि एका मास्तरांकडून वाचून घेतले. कोचीच्या माणसाने लिहिलं होतं, तुझ्यावाचून काम अडलंय, लवकर ये.

झालं! परक्या पुरुषाचं पत्र. आबा म्हणाले, हिचं नगर कायमचं बंद, बाळंतपणसुद्धा घरातच.

जाऊबाई चुलीपुढून उठल्या.

“कागद माझं हायती आबा. तिला काय ठावं न्हाई.”

चौथी पास बाईचे इंग्रजी कागद! कोणाला पटणार? पण दर आठवड्याला नगरला कोण जातं, हे सगळ्यांनी बघितलं होतं. आणि गरोदर सुनेवर डाग येण्यापेक्षा हे खोटं सगळ्यांना सोयीचं होतं.

मलाही. मी मान खाली घालून गप्प बसले.

त्यांचं नगर बंद झालं. माहेरसुद्धा. उरलं घर आणि देवळाबाहेरचं आमचं तेलाचं दुकान.

माझी मुलगी वर्षाची झाली आणि मला नगरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरी लागली. माझ्यावर डाग नव्हता, म्हणून घरच्यांनी जाऊ दिलं. तिथून पुणं. मी सुटले.

दर दिवाळीला म्हणायचे, ताई, चला ना पुण्याला.

“आबांस्नी आवडायचं न्हाई.”

गेल्या दिवाळीलाही हेच म्हणाल्या, तेव्हा आबांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

मीही एकदा हाताला धरून गाडीत बसवलं नाही. म्हणायचे आणि निघून यायचे.

ताई, आज सगळ्या भावकीसमोर सांगते.

ते कागद माझे होते.