दोघींचं बोलणारी शेवयाकाकू

शेवयाकाकू सिनेमा पाहायची नाही, बोलायची. मोबाइलचा आवाज पार बंद करून तो भिंतीला टेकवायची आणि पडद्यावर जिचं तोंड हलेल तिच्या तोंडी आपलं वऱ्हाडी घालायची. तिच्या मोबाइलात देवादिकांचेही सिनेमे होते, पण देवांच्या वतीनं बोलायला ती धजत नसे. बोलायची ती एकाच सिनेमात, दोन बायकांच्या. एकीसाठी जाड आवाज, दुसरीसाठी बारीक. काकू जाऊन आता काही वर्षं झाली. तरी कुणी टीव्हीचा आवाज बंद केला की मला पाठीमागून तिचं बोलणं ऐकू येतं आणि मी वळून बघते. कुणी नसतं हे माहीत असूनही बघते.

केनवडला आमच्या घरामागे तिचं घर, म्हणजे तिच्या भावाचं. इंझोरीला दिलेली ही बाई भरल्या वयात माहेरी आली ती परत सासरी गेलीच नाही. भावाच्या जिवावर बसून खायला नको म्हणून तिनं शेवयांची मशीन घेतली आणि गावानं तिचं पाळण्यातलं नाव विसरून तिला शेवयाकाकू करून टाकलं. उन्हाळा लागला की अख्ख्या आळीच्या बायका भिजवलेला रवा घेऊन तिच्या अंगणात जमायच्या. हँडल फिरवता फिरवता कुणी सासरचा विषय काढलाच, तर काकू म्हणायची, ‘‘हात चालव माय, रवा वाळून राह्यला.’’ जिला जास्तच उत्सुकता असेल तिच्या शेवया हमखास जाड निघत.

दुपारी बायका जेवायला पांगल्या की अंगणात आडव्या काठ्यांवर नुसत्या शेवया लोंबत राहायच्या. बकऱ्या आणि चिमण्यांपासून त्या राखायला कुणीतरी लागे, आणि उन्हात बसायची कुणाची तयारी नसे. सुट्टीला घरी आलेली मी आयतीच सापडायची. त्या राखणीत तिनं मला तो सिनेमा दाखवला. रिसोडच्या दुकानातून तिनं मोबाइलच्या कार्डात भजनं आणि पिक्चर भरून आणले होते, त्यांच्या गर्दीत हाही आला होता. त्याचं नाव काय, भाषा कुठली, मला आजही ठाऊक नाही. फाइलला नावाच्या जागी नुसते आकडे होते. समुद्रकाठचं पांढरं घर आणि त्यात राहणाऱ्या दोन बाया. एक पाव भाजते, दुसरी घराला रंग देते. भांडतात, रुसतात, एकमेकींचे केस विंचरतात. बाकी फारसं काही घडत नाही.

मी तेव्हा वाशीमला कॉलेजात होते आणि होस्टेलातल्या एका मुलीवर माझा जीव जडला होता. याला काय म्हणायचं ते मला माहीत होतं, पण तो शब्द मी ऐकला होता तो फक्त मुलांच्या घाणेरड्या विनोदांत. आपल्यासारखी या अख्ख्या मुलखात आपण एकटीच, असं मला खरोखर वाटायचं. आणि इथे भरदुपारी, शेवयांच्या सावलीत, दूरदेशीच्या दोन बाया माझ्या आईच्या बोलीत एकमेकींना विचारत होत्या, ‘‘जेवली काय वं?’’ ‘‘तुह्याबिगर कशी जेवीन?’’ मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. काकूनं पाहिलं. नुसता पदर पुढे केला. त्याला रव्याचा वास होता.

काकूचं ठाम मत होतं की त्या दोघी जावा आहेत. दोन परक्या घरच्या बाया एका चुलीवर स्वयंपाक करतात, एका घरात नांदतात, तर जावाच असणार, आणि नवरे गेले असतील कामाला. सिनेमा संपेपर्यंत नवरे घरी येत नाहीत, याचं तिला अजिबात आश्चर्य वाटत नसे. मी एकदा भीत भीत म्हटलं, ‘‘काकू, जावा नाहीत वं त्या.’’

‘‘जावाच हायत.’’

‘‘जावा अशा राह्यतात काय?’’

काकूनं माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘‘काही काही राह्यतात,’’ ती म्हणाली आणि शेवया उलथायला उठली.

सिनेमात एक प्रसंग होता. दोघी दिवा मालवतात आणि जवळ येतात. तिथे आलं की काकू मोबाइल उचलून पडद्याची बाजू आपल्या छातीशी धरायची. मला वाटलं, लाजते. तर म्हणाली, ‘‘त्यायले राहू दे जराशीक एकट्याले. सारं जग पाह्यतच राह्यते बाईकडे.’’ मग आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसायचो, आणि तिच्या अंदाजाने वेळ झाली की मोबाइल पुन्हा भिंतीला. अंदाज कधी चुकला नाही. इतकी माया मी कुठल्या देवळातही पाहिली नाही.

मग मला पाहायला शेलूबाजारची माणसं आली. जमीनदार घर, एकुलता मुलगा, आमच्या घरात सण असल्यासारखी धावपळ. पोहे देऊन झाले, पसंती आली, आणि मी मागच्या दारानं काकूकडे पळाले. ती मशीन पुसत होती.

‘‘पोरगा वाईट हाये काय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तुह्या मनात दुसरं कोन हाये?’’

मी होस्टेलातल्या मुलीचं नाव सांगितलं. मुलीचंच नाव. आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्यानं उच्चारलं. काकूनं फडकं खाली ठेवलं आणि इंझोरीची गोष्ट सांगितली. दोघी जावा, एकाच मांडवात लग्न लागलेल्या. दिवसभर वावरात सोबत, रात्री अंगणात शेजारी बाज. सासूच्या नजरेत आलं तेव्हा बोभाटा झाला नाही, नुसतं घरातलं बोलणं बंद झालं. ‘‘मले कोनं हाकललं नाही. दोघीतून एकीले निघा लागत होतं. तिचं लेकरू अंगावर पेत होतं, माह्याजवळ काय होतं? म्हून मी निघाली.’’ मग म्हणाली, ‘‘तू निघू नको. नाही म्हनून दे. लोक चार दिवस बोलतीन, मंग दुसऱ्या कोनाचं सापडते त्यायले.’’

मी नाही म्हणून दिलं. घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. आज मी अकोल्यात त्याच मुलीसोबत राहते. ती खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत असते, ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही, आणि माझ्या कानात काकूचा बारीक आवाज सुरू होतो. माझ्या अंगावर काटा येतो. ते बोलणं थांबावं असं मात्र मला कधीच वाटत नाही.

काकू गेली ती ऐन शेवयांच्या दिवसांत. सकाळी अंगण झाडलं, छातीत कळ आली म्हणाली, आणि वाशीमला नेईपर्यंत संपलं. मी तेरवीला गेले. मांडवात बायकांच्या मागे, भिंतीला पाठ लावून एक वयस्क बाई बसली होती. रडत नव्हती. ‘‘इंझोरीची जाऊ हाये,’’ माझ्या आईनं सांगितलं. ‘‘एवढी वर्सं फिरकली नाही, आता कायले आली?’’

काकूचा मोबाइल फळीवरच होता. पुढे तिच्या भावानं ते कार्ड पुसून टाकलं आणि मी तो सिनेमा कुठे कुठे शोधला तरी सापडला नाही, पण तेरवीच्या दिवशी तो मोबाइलात होता. पंगती बसल्या तशी मी त्या बाईला घरामागे नेलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला. म्हटलं, ‘‘आमची काकू हा सिनेमा पाहे. ह्या दोघी जावा हायत म्हणे.’’

बाईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पांढरं घर, पाव, कंगवा.

‘‘आवाज नाही काय याले?’’

‘‘आवाज काकूचा राहे. दोघींचंही तीच बोले.’’

मग खाली मान घालून, एखाद्या पोरीसारखी विचारती झाली, ‘‘माह्या तोंडी काय घाले ती?’’

मी सिनेमा पुढे सरकवला. शेवटी एक जण पिशवी घेऊन निघते, दुसरी दारात येऊन काहीतरी म्हणते, आणि पिशवीवाली थबकते. मी काकूच्या बारीक आवाजात सांगितलं, ‘‘थांब वं. तू गेली तं मी या घरात कोनासंगं बोलू?’’

बाईनं मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. मांडवातून तिला जेवायला बोलावत होते.

‘‘मी असं काहीच नव्हतं म्हटलं,’’ ती म्हणाली. ‘‘ती पिशवी घेऊन दारात उभी होती, अन् मी पाठ करून भाकरी थापत होती.’’