भैरवाचा प्रसाद

नव्वदीतली गोष्ट. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलेल्या धाकट्या भावाला आम्ही इंदूरहून घरी आणलं. त्याची दारू सुटावी म्हणून काकांनी भैरवाला नवस केला होता, आणि आमच्या उज्जैनला भैरवाला नैवेद्य दारूचाच असतो. अर्धी बाटली देवाला चढवून उरलेली काका घरी घेऊन आले आणि भावाच्या हातावर ओतू लागले.

"काका, शुद्धीवर आहात का?" मी ओरडलो.

"अरे, प्रसाद आहे हा, दारू थोडीच आहे!"

आईसुद्धा म्हणाली, "प्रसादाला नाही म्हणू नये."

मी बाटली हिसकावून मोरीत ओतली. काका मला नास्तिक म्हणाले. ज्याच्यासाठी नवस केला, त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

ओला हात शर्टाला पुसत भाऊ म्हणाला, "दादा, मला परत केंद्रात सोडून ये."