शुभ सकाळच्या फुलांखाली

शकुंतलाताईंची आणि माझी पहिली भेट लोधीपुऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत झाली. ताई तिथे आधीपासून शिकवत होत्या, मी नुकताच रुजू झालो होतो. वर्गातले घड्याळ फुटले म्हणून मी एका मुलीला दाराबाहेर उभे केले होते. ताई व्हरांड्यातून जाताना तिच्याजवळ थांबल्या आणि तिचे बोलणे संपेपर्यंत ऐकत राहिल्या. घड्याळ वाऱ्याने पडले होते. मधल्या सुट्टीत माझ्यापुढे चहा सरकवत त्या एवढेच म्हणाल्या, "सर, पूर्ण ऐकत जा." आज ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी तेच वाक्य आठवून मान खाली गेली.

निवृत्तीनंतर ताई केळीच्या बागांत काम करणाऱ्या मजूर बायकांच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या. खकनारकडच्या रमलीबाईंना पाइप चोरल्याच्या संशयावरून एका बागेतल्या पंपाच्या खोलीत दिवसभर कोंडून ठेवले होते. ताईंच्या संघटनेतल्या तरुणांना रमलीबाईंची हकिगत सांगणारा व्हिडिओ लगेच फोनवरून सगळीकडे टाकायचा होता. ताईंनी तो अडवला आणि स्वतः रमलीबाईंच्या अंगणात जाऊन त्यांना विचारले. रमलीबाई म्हणाल्या, "तोंड नको दाखवू बाई. आवाज ऐकव. मले याच गावात राहाचं आहे." मग फक्त त्यांचे हात दिसतील असे चित्रण झाले, ते त्यांना आणि त्यांच्या सासूबाईंना पूर्ण दाखवले, दोघींनी हो म्हटले, तेव्हा कुठे ते बाहेर पडले. पाहता पाहता ते जिल्ह्याबाहेर पोचले, आणि ज्या तक्रारीसाठी रमलीबाईंना पोलीस ठाण्याच्या दारातून परत पाठवले होते, ती नोंदवली गेली. आम्ही कौतुक करायला गेलो तर ताई म्हणाल्या, "फोन नुसती दवंडी पिटतो. साक्षीला माणूसच लागतो."

ताईंच्या मायेबद्दल मी किती सांगू? माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा रोज दुपारी ताई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वरण घेऊन येत. मला घरी झोपायला पाठवत आणि स्वतः खाटेशेजारी बसून राहत. त्याबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. हे मी मुद्दाम इथे लिहितो, कारण पुढचे वाचताना वाचकांना ते माहीत असायला हवे.

रमलीबाईंसाठी गावातल्या शनवारा भागात सभा झाली. मी पहिल्या रांगेत होतो आणि ताईंचे भाषण माझ्या फोनमध्ये पूर्ण रेकॉर्ड केले होते. ताई म्हणाल्या होत्या, "लोक म्हणतात, केळीवाले सगळे जुलमी. मी म्हणते, हे खोटं आहे. एकानं केलं त्याचा जाब एकालाच विचारा." दुसऱ्या दिवशी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर, ज्यात ताईही आहेत, एक क्लिप आली. तीत फक्त "केळीवाले सगळे जुलमी" एवढेच होते. खाली ताईंविषयी जे लिहिले होते ते इथे लिहिण्याजोगे नाही.

त्या ग्रुपवर आमची एक पद्धत आहे. काही अवघड आले की कोणी बोलत नाही; सगळे शुभ सकाळची फुले टाकू लागतात आणि अवघड ते वर सरकून दिसेनासे होते. त्या दिवशी पहिले फूल मी टाकले. पिवळी शेवंती होती. पाठोपाठ गुलाब आले, कमळे आली. माझ्या भावाची केळीची बाग आहे, घरात वाद नको, असे मी मनाशी म्हटले. खरे तर मी घाबरलो होतो. पूर्ण भाषण खिशात असताना मी फुले वाटत बसलो, याची मला लाज वाटते.

क्लिप मात्र गावोगाव फिरली. त्याच बागेत पाणी द्यायला असलेले एक गृहस्थ रमलीबाईंच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होते. ते मागे सरले. "ताई सगळ्यांच्याच विरोधात आहेत, मग माझी नोकरी कशी राहणार?" असा त्यांनी निरोप धाडला.

पंचाहत्तरीच्या सत्कारासाठी नेमलेल्या गौरव समितीतर्फे मी ताईंकडे गेलो. आमच्या समितीत बहुतेक त्याच ग्रुपमधले आहेत. ताईंनी शाल घ्यायला होकार दिला. पुष्पगुच्छ मात्र नको म्हणाल्या. मी कारण विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची फुलं पोचली सर मला. तुम्ही पहिल्या रांगेत होता ना?" त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.

घरी येऊन मी ते पूर्ण भाषण ग्रुपवर टाकले आणि खाली माझे नाव घालून लिहिले की हे मी आधीच टाकायला हवे होते. सगळ्यांनी पाहिले. थोड्या वेळाने एक गुलाब आला. मग मी तेच रेकॉर्डिंग घेऊन खकनारला गेलो. पाणी देणाऱ्या त्या गृहस्थांनी ते बांधावर बसून शेवटपर्यंत ऐकले. साक्षीला येईन किंवा नाही हे न सांगता ते पाणी द्यायला उठून गेले. ताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "रमलीबाईंच्या कोर्टातल्या तारखेला तुम्ही तरी या."

मी जाणार आहे. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही प्रार्थना मी सर्वांच्या वतीने करतो. त्यात आमचा स्वार्थ आहे. ताई, तुम्ही शंभरी पाहा. तुमच्यासमोर मान वर करून उभे राहायला आम्हांला तेवढा वेळ लागेल.