शिवपुत्रची चाळण

शाहूपुरीत माझा टायपिंगचा क्लास. त्याच्या भिंतीला भिंत लावून शहाण्णव साली शिवपुत्रनं कॉम्प्युटरचं दुकान थाटलं. म्हणजे माझ्या पोटावर पाय देणारा माणूस थेट शेजारीच येऊन बसला, आणि वर पहिल्याच दिवशी पेढे घेऊन आला. मी पेढा खाल्ला आणि म्हणालो, "तुझा धंदा चालू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे." तो खो खो हसला. "मास्तर, तुमी तोंडावर बोलता. आपलं जमंल की," म्हणाला. आणि जमलं.

मी कोडोलीचा, तो गडहिंग्लजचा. त्याच्या घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. त्याच्या दुकानाच्या पाटीवर नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी उघडून बघा.' गिऱ्हाईकांना वाटायचं, दाराला कडी आहे. खरं तर ते त्याचं मत होतं. शिवपुत्रच्या दुकानात एकाही कॉम्प्युटरला झाकण नव्हतं. सगळ्या डब्यांची आतडी बाहेर. मी म्हणायचो, "अरे, धूळ बसेल." तो म्हणायचा, "बसू द्या की. निदान दिसती तरी." कंपनीचा तयार कॉम्प्युटर कुणी दुरुस्तीला आणला, की 'उघडल्यास वॉरंटी रद्द' हा कागद तो नखानं सोलून काढायचा आणि मगच विचारायचा, काय झालंय म्हणून. "सीलबंद म्हंजे काय, लोणचं हाय व्हय? ज्याचं झाकण उघडता येत न्हाय ती वस्तू इकत घेतलेली न्हवं मास्तर, भाड्यानं आणलेली."

दुरुस्तीची त्याची एकच रीत. एकेक पार्ट काढायचा आणि मशिन चालू करून बघायचं. जो काढल्यावर मशिन चालतं, चोर तोच. तासन्‌तास हा उद्योग चाले, आणि मी शेजारून पोरांना 'एएसडीएफ' बडवायला लावत असे.

मग इंटरनेट आलं. त्यानं दुकानात चार मशिनं मांडून कॅफे काढला. कॉम्प्युटरबद्दलचं मत त्यानं तसंच्या तसं इंटरनेटला लावलं. सरकारनं काही बंद करू नये, पोलिसानं करू नये, बापानंही करू नये. वाचणारा ठरवील. मी वाद घालायचो, तो तावातावानं टेबलावर स्क्रूड्रायव्हर आपटायचा. "झाकलं की लोक ज्यादा बघत्यात, मास्तर. आनि झाकणारा कोण? त्यानं बघितलं तवाच झाकलं न्हवं? मग त्याला चालतंय आनि मला न्हाय?" या वादात मी एकदाही जिंकलो नाही.

त्याचा धाकटा भाऊ सोमेश. शिवपुत्रनंच त्याला सगळं शिकवलं आणि तो मस्कतला नोकरीला लागला. गडहिंग्लजला राहिली आई, बसव्वा. दोघं तिला अव्वा म्हणत. अव्वाचे कान पार गेलेले. फोनचा उपयोग शून्य. पण बाई मराठी चौथीपर्यंत शिकलेली, बोट फिरवत वाचायची. म्हणून शिवपुत्रनं अव्वाच्या नावानं एक मेलचा पत्ता काढला. सोमेशला शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी तो दोन मेल पाठवायचा, एक भावाला आणि एक अव्वाला. तिथं मराठी अक्षरं नव्हती, तेव्हा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. शिवपुत्र ते देवनागरीत पुन्हा टाईप करी, हरभऱ्याएवढ्या टपोऱ्या अक्षरांत छापी, आणि रविवारी एस्टीनं गडहिंग्लजला घेऊन जाई.

अव्वा या पत्राला 'कागद' म्हणायची. कानडीत पत्राला कागदच म्हणतात. "सोमूचं कागद आलं काय रं?" हा तिचा पहिला प्रश्न. कागद वाचून झाला की ट्रंकेत जायचा. प्रत्येक कागदाचा शेवट एकच असायचा: 'तुझ्या कुशीतला, सोमू.' थोरला असून शिवपुत्रला त्याचा जरा हेवा वाटायचा. "म्हसोबा झालाय तिकडं, अन्‌ म्हणं कुशीतला," असं चिडवत तो टाईप करायचा, आणि ती ओळ बाकीच्यांपेक्षाही मोठी छापायचा.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात ती भानगड झाली. कॅफेत येणाऱ्या पोरापोरींनाही शिवपुत्रनं आपल्या दुकानाचेच मेलचे पत्ते दिले होते. सगळ्यांचं टपाल आधी कोपऱ्यातल्या एका मशिनवर उतरायचं आणि तिथून ज्याच्या त्याच्या नावाला जायचं. तेजस्वी नावाची आमच्याच गल्लीतली मुलगी, नोकरीच्या पत्राची वाट बघणारी. कुणा टवाळांनी तिचा पत्ता मिळवला आणि तिला घाणेरडं लिहायला सुरुवात केली. एक दिवस तिनं भर दुकानात मेल उघडली आणि तोंडावर ओढणी धरून हुंदके द्यायला लागली. शिवपुत्र पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढं उभा राहिला. 'वाचणारा ठरवील' हे वाक्य त्याच्या तोंडातून फुटेना.

त्याच आठवड्यात त्यानं त्या कोपऱ्यातल्या मशिनवर चाळण बसवली. चाळण हा त्याचाच शब्द. घाणेरडे शब्द, इंग्रजी आणि आपल्याकडचेही, तिला सांगून ठेवले. त्यातला एकही मेलमध्ये दिसला की मेल पुसून टाकायची. कुणाला कळवायचं नाही, निरोप नाही, खूण नाही. "घाण आलती हे बी त्या पोरीला कळाय नगो," म्हणाला. टवाळ शब्द जोडून, लपवून लिहीत, म्हणून त्यानं चाळणीला शब्द बघायला सांगितलंच नाही, अक्षरं बघायला सांगितली. ती अक्षरं ओळीनं आली, मग ती कुठल्याही शब्दाच्या पोटात असोत, मेल गेली. "कुठं बी दडवू द्यात, घावंलच," असं मोठ्या अभिमानानं मला सांगितलं.

मी ही संधी कशी सोडणार? "काय रे, शेवटी सेन्सॉर बसवलासच की!"

"गप बसा मास्तर," तो एकदम भडकला. "पोरगी रडत हुती."

मलाही ते पटलं होतं. तेजस्वी पुन्हा हसत यायला लागली आणि आम्ही सगळे तो विषय विसरून गेलो.

दसऱ्याच्या सुमारास शिवपुत्र मला म्हणाला, "सोम्याला शिंगं फुटली. अव्वाला लिहीना झालाय." भावाला मात्र दर आठवड्याला मेल येत होती. कुठला प्रोसेसर घ्यावा, कुठला मदरबोर्ड टिकतो, पानंच्या पानं. शिवपुत्र दात खाऊन म्हणायचा, "मदरबोर्डाची एवढी चवकशी, आनि मदरची न्हाय!"

"मग विचार की त्याला," मी म्हणालो.

"म्या का विचारू? मागून घेतलेली माया काय करायची? आनि अव्वानं शपथ घातलीया, त्याला बोलू नगो म्हणून. कामात आसंल म्हणती."

एकदा सोमेशनं भावाच्या मेलच्या शेवटी लिहिलं, 'अव्वाला सांग, मी वाट बघतोय.' शिवपुत्रनं ते मला वाचून दाखवलं आणि मशिनसमोरून ताडकन उठला. "ह्यो वाट बघतोय म्हणं! हिकडं म्हातारीचं डोळं लागल्यात रस्त्याला!" उत्तरात त्यानं मदरबोर्डची किंमत तेवढी लिहिली. महिन्याकाठी सोमेशचा फोन यायचा, पण दोघंही फुगलेले. हवापाणी, पैसे पोचले का, ठेवू का.

रविवारी तो रिकाम्या हातानं जायचा. म्हणजे केळी, द्राक्षं, खाजा असं काहीबाही घेऊन जायचा, पण अव्वा पिशवीत हात घालून कागद चाचपायची. शेवटी संक्रांतीला त्याला राहवलं नाही. त्यानं स्वतःच एक कागद लिहिला, सोमेशच्या नावानं. मला दाखवला. बरा जमला होता. फक्त शेवटी 'कुशीतला' नव्हतं, नुसतं 'तुझा सोमू'. मी म्हणालो, "ते राहिलं बघ." तो म्हणाला, "ते शब्द त्याचं हाय मास्तर. ते मी कसं लिहू?"

अव्वानं तो कागद बोट फिरवत सावकाश वाचला. तळाशी बोट थांबलं. तिनं कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मग घडी घालून शिवपुत्रच्या हातात दिला. "हे तुझं कागद हाय," म्हणाली. "सोमूचं न्हाय." ट्रंकेत तो गेला नाही.

हे सांगताना शिवपुत्र माझ्या क्लासात, पोरं गेल्यावर, टाईपरायटरवर डोकं टेकवून बसला होता. मी चहा मागवला, तो निवून गेला.

अव्वा वैशाखात गेली. दोन दिवस अंथरुणावर होती. तापात तिला एस्टीची घरघर ऐकू येत असावी, कारण शिवपुत्र शेजारी बसलेला असतानाही ती म्हणायची, गाडी आली बघ, कागद घे. सोमेश मस्कतहून पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

गडहिंग्लजच्या घरात दिवस होईपर्यंत भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. परत जाताना सोमेश दुकानात बॅग घ्यायला आला. मी तिथंच होतो. शिवपुत्रनं इतके दिवस दाबून धरलेलं एकदम बाहेर पडलं.

"वरीसभर अव्वाला दोन ओळी लिहाय झालं न्हाय रं तुला?"

सोमेश बघतच राहिला. "लिहिलं न्हाय? अण्णा, दर शुक्रवारी लिहिलंय! उत्तर तुमी दिलं न्हाईसा. उगादीला येऊ का, तू व्हय म्हण, तिकीट काढतो, असं चार डाव विचारलं. अव्वा कायच बोलंना. मला वाटलं, रागावली. मग आलो न्हाय."

"खोटं बोलू नगंस!"

सोमेशनं बॅग खाली टाकली, एका मशिनपुढं बसला आणि टाईप करायला लागला. अव्वाला लिहायचा तसंच पत्र, तब्येत कशी आहे इथपासून. शेवटची ओळ लिहिली, अव्वाच्या पत्त्यावर पाठवली. शेजारच्या मशिनवर शिवपुत्र अव्वाचा पत्ता उघडून बसला. काही आलं नाही. "वायर निघाली आसंल," तो पुटपुटला. सोमेशनं नुसतं 'कसा हायस' पाठवलं. ते लगेच आलं.

मग दोघं भाऊ कामाला लागले. ती त्यांची जुनी रीत होती, थोरल्यानंच धाकट्याला शिकवलेली. एकेक पार्ट काढायचा. पत्राचा वरचा अर्धा भाग पाठवला, आला. खालचा अर्धा आला नाही. त्यातली एकेक ओळ काढत गेले. 'जेवत जा' आलं. 'गोळ्या चुकवू नको' आलं. 'उगादीला येऊ का' हेसुद्धा आलं. शेवटची ओळ राहिली. ती आली नाही. 'सोमू' काढून पाठवली, नाही. 'तुझ्या' काढलं, नाही. आता पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता, 'कुशीतला'. तो पाठवला.

शिवपुत्र आपल्या पडद्याकडे बघत बसला. मग उठून सोमेशच्या मशिनपाशी आला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. पुढची के आणि यू ही अक्षरं त्यानं एका बोटानं झाकली, मागची एल आणि ए दुसऱ्या बोटानं. मधे उरली चार. एस, एच, आय, टी. इंग्रजीत गू. चाळणीच्या पहिल्याच शब्दांतला तो एक.

मला क्षणभर काय चाललंय ते कळलं नाही. कळलं तेव्हा मी स्टुलावर बसलो. माझ्या मराठी टाईपरायटरवर कुशीत टाईप केलं तर ते कुशीतच राहतं, एवढंच मूर्खासारखं मनात आलं.

"कुठं गेली मग ती सगळी?" सोमेशनं विचारलं.

"कुठंच न्हाईत. पुसून टाकाय मीच सांगितलं हुतं." शिवपुत्रचा आवाज ओळखू येत नव्हता. "तुझ्याकडं असतील की. तू ठेवली असशील."

"म्या कशाला ठेवू? मला वाटलं, अव्वाच्या ट्रंकेत हायत."

कुणी कुणाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सोमेशनं बॅग उचलली, दारापर्यंत गेला आणि वर पाटीकडे बघितलं. "एवढं मोठं लिहून ठेवलंयस अण्णा," म्हणाला. "मला एक डाव इचारायचं हुतंस." आणि रिक्षात बसला.

शिवपुत्रनं चाळण त्याच संध्याकाळी काढली. पाटी मात्र काढली नाही. मी म्हणालो, काढ बाबा, तुला रोज दिसते. तो म्हणाला, "दिसू द्या की."

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात सरकारनं इंटरनेटवरची थोडी पानं बंद करायला सांगितली आणि कंपन्यांनी ती पानं ज्या जागांवर होती त्या जागाच सरसकट बंद केल्या. कॅफेत पोरं चिडून गोळा झाली. शिवपुत्र आता टेबल बडवील, स्क्रूड्रायव्हर आपटील म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो रॅमची पट्टी खोडरबरनं घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "त्यांनी बंद केलंय हे कळलं तरी. म्या तेबी कळू दिलं न्हवतं." पोरांना काही उमगलं नाही. ती निघून गेली.

सोमेश अजून मस्कतलाच आहे. भावाशी त्यानं वैर धरलं नाही, मेल येत असते. शिवपुत्र मेल उघडली की आधी खाली तळाला जातो, मग वर येऊन वाचतो. तळाशी नुसतं 'सोमेश' असं असतं.