बसून सांगितलेला नेवता

तळ्याच्या पाळीवर येईतो अनुसयाबाई तिसऱ्यांदा थांबली. चंद्रकांतेच्या लग्नाचा नेवता, म्हणजे आमंत्रण, देत ती आणि शामकला सकाळपासून चालत होत्या आणि आता आल्या वाटेनं अर्धा कोस परत निघाल्या होत्या.

शामकला चौथी पास झालेली. घरांची यादी वाचायला म्हणून अनुसयाकाकीनं तिला सोबत आणलेलं. तिचेही पाय भरून आले होते.

"काकी, नेवता त देऊन झाला. मंग कायले मागं जाऊन राहिलो आपण?"

"दिला कुठं? उभ्यानं फेकला."

चूक खरी होती. आमगावकडच्या त्या गावांत लग्नाचा नेवता घरात बसून, पाणी पिऊन सांगायचा. अंगणात उभ्यानं सांगून, पाणी न घेता फिरायचं, ते फक्त मरणाची खबर असली तर. पण वैशाखाचं ऊन, पंधरा घरं झालेली, गुडघे सुजलेले. बसलं तर उठवणार नाही, या भीतीनं अनुसयाबाईनं उमरावच्या अंगणातूनच अक्षत पुढं केली होती. आणि उमराव तर नवरीचा सख्खा मामा. तो रुसला तर चंद्रकांतेला मांडवात कोण नेणार?

वाटेत काकी एकदाच बोलली. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात ती सून होऊन आली, तेव्हा गावाचे नेवते तिची सासू सांगत फिरायची. "घरात दाना नसे, पन लोटा पुढं येत जाय. बुढी म्हने, तोही घेतला नाई, त त्या मानसाजवळ द्याले उरलं काय?"

 उमराव रुसू नये म्हणून शामकलेनं मनातल्या मनात नागऱ्याच्या महादेवाला हात जोडले.

उमरावची बायको सुमित्राबाई दारातच होती. "आता कोन मेलं वो?"

"मायी अक्कल मेली, बाई. पानी दे."

भिंत धरत अनुसयाबाई खाली टेकली. लोटाभर पाणी प्याली. म्हशीचं विचारलं, पोरांचं विचारलं, मग पुन्हा अक्षत दिली. उमराव आतून ऐकत होता. बाहेर येऊन म्हणाला, "मी त येनारच नव्हतो. आता येतो. पोरीले मांडवात मीच नेतो."

काकीला काही उठता येईना. शामकलेनं काखेत हात घालून तिला उभं केलं.

अंगणाबाहेर येऊन अनुसयाबाई म्हणाली, "पोरी, अजून नऊ घरं हायेत. संग चाल. परतेक घरी मले असंच उठाव."