बुरशी धरली

हुमणीबाई हे नाव तिला जावेनं चेष्टेनं ठेवलं आणि ते गल्लीभर चिकटलं. घरामागच्या वाफ्यांत वांगी लावायची, रोपांनी माना टाकल्या की खुरप्यानं माती उकरून मुळं कुरतडणाऱ्या पांढऱ्या, बाकदार अळ्या वेचायच्या. त्या हुमणीपायी तिची नखं कायमची काळी झाली होती. विष टाकायला ती तयार नव्हती. वाफ्यांना लागूनच विहीर होती आणि घर तेच पाणी पीत होतं. दिरानं मात्र बजावलं होतं, यंदाही मुळं गेली तर जागा ट्रक उभे करायला द्यायची. नवरा पंप दुरुस्त करायचा. घरात तोंडं सुरू झाली, की याचा हमखास एखादा नट हरवायचा आणि हा तो शोधत बसायचा.

तिनं शेणखतात हुमणी मारणारी बुरशी कालवली, ओल्या गोणपाटाखाली मुरवली, वाफ्यांत मिसळली. बरेच दिवस काहीच दिसेना. मग एका सकाळी खुरप्याखाली अळी निघाली ती कडक, अंगावर हिरवट भुकटी. शेजारचीही तशीच. मातीच्या हातांनी ती धावत घरात आली.

"अहो, बुरशी धरली!" एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि डोळे भरून आले.

नवऱ्यानं तिचे डोळे पाहिले, अर्धा चहा तसाच ठेवला आणि कामावर निघून गेला.

संध्याकाळी ती भाजी पोचवून परतली, तर तो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन वाफ्यांत उभा. लग्न झाल्यापासून त्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. पायजम्यावर निळे डाग, विहिरीच्या कठड्यावरही.

"मारली तुझी बुरशी," तो म्हणाला. "दुकानदाराकडून चांगलं जालीम औषध आणलं. एकेका रोपाच्या मुळाशी ओतलंय. आता रडू नकोस."

इतका खूश तो कधी दिसला नव्हता. तिनं त्याच्या पाठीवरून पंप उतरवून घेतला.

"बरं केलंत," ती म्हणाली.

पुढं वांगी फुलावर आली आणि तिथंच माना टाकू लागली. उपटावं तर मुळंच नाहीत, खाली गुबगुबीत, जिवंत हुमणी. नवरा हळहळला. आपण थोडं आधी औषध घालायला हवं होतं, असं तो जावेला दोनदा म्हणाला.

जागा मोजायला दीर टेप घेऊन आला. दुसरं टोक धरायला कोण आहे म्हणून तो इकडेतिकडे बघू लागला. नवरा नट शोधत होता. शेवटी तिनंच ते धरलं.